गोव्याचा माणूस आणि त्याचे पासपोर्ट

१३ नोव्हेंबर १९६४ रोजी गोव्यातील एका धर्मगुरूंचा भारतात राहण्याचा परवाना संपला. हे धर्मगुरू कोणी युरोपातून आलेले मिशनरी नव्हते. ते गोव्यात जन्मले, गोव्यातच राहत होते. मोन्सिन्योर सेबास्तियांव फ्रान्सिस्को शाविएर दोस रेमेदियोस मोंतेरो असे त्यांचे लांबलचक नाव होते आणि त्या नावाइतकीच त्यांची कहाणीही विलक्षण आहे. त्यांनी कोणतीही सीमा ओलांडली नव्हती. सीमाच त्यांना ओलांडून पुढे गेली होती. तरीही मुदत संपल्यावर देशात राहिलेला परदेशी म्हणून ते न्यायालयात उभे राहिले. खालच्या न्यायालयाने त्यांना ३० दिवसांची साधी कैद आणि ५० रुपये दंड ठोठावला. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मार्च १९६९ मध्ये तेथेही त्यांचे अपील फेटाळले गेले.

आज गोव्यातील हजारो कुटुंबांच्या कपाटात पोर्तुगालचा पासपोर्ट आहे. त्या पासपोर्टवर युरोपच्या बहुतेक देशांत व्हिसावाचून जाता येते, राहता येते, काम करता येते. शेजारच्या घरातील भारतीय पासपोर्टधारक मात्र त्याच प्रवासासाठी बँकेची खातेपुस्तके, पगाराचे दाखले आणि परतीचे तिकीट घेऊन वकिलातीच्या दारात उभा असतो. दोघांचा बाप्तिस्मा एकाच चर्चमध्ये झालेला, दोघांची भाषा एक, दोघांच्या आज्यांनी एकाच विहिरीचे पाणी ओढलेले. मग हा फरक आला कोठून? या प्रश्नाचे उत्तर लोक सहसा ‘पोर्तुगीजांची कृपा’ किंवा ‘एजंटाची करामत’ अशा दोन शब्दांत देऊन मोकळे होतात. खरे उत्तर जुने आहे आणि ते मोंतेरो यांच्या खटल्याशी जोडलेले आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पासपोर्ट ही आपण समजतो तितकी पुरातन वस्तू नव्हे. पूर्वीही राजांची आज्ञापत्रे आणि परवाने असत; परंतु सामान्य माणसाने छायाचित्र चिकटवलेली पुस्तिका दाखवल्यावाचून सीमा ओलांडू नये, ही रीत पहिल्या महायुद्धाच्या काळात रुजली आणि युद्ध संपल्यावरही गेली नाही. आपल्याकडचा ‘इंडियन पासपोर्ट ऍक्ट’ १९२० सालचा आहे. त्याआधीच्या काळात गोव्याचा माणूस मुंबईला येई तेव्हा तो एका साम्राज्यातून दुसऱ्या साम्राज्यात येत होता खरा, पण त्याला ते फारसे जाणवत नसे. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत तह झाला. त्याने दोन्ही मुलखांमधील जकातीची भिंत काही वर्षांपुरती खाली आली आणि मुरगावपासून घाटावर जाणाऱ्या रेल्वेचा पाया घातला गेला. तो तह १८९२ मध्ये संपला, पण माणसांचा ओघ संपला नाही. धोबी तलाव आणि माझगावच्या परिसरातील गोवेकरांचे ‘कूड’ ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे सांगायला नको. गावागावाचा एक कूड, भिंतीला लागून रांगेने ठेवलेल्या पेट्या, वेदीवर गावचा आश्रयदाता संत आणि संध्याकाळी एकत्र म्हटलेली रोझरी. तेथून कोणी आगबोटीवर खलाशी म्हणून चढे, कोणी आचारी, कोणी वादक, कोणी शिंपी. झांजिबार, मोंबासा, नैरोबी, कंपाला येथील इंग्रजी कचेऱ्यांत कारकून म्हणूनही गोवेकरच दिसत. हे सारे कायद्याने पोर्तुगालचे प्रजाजन होते आणि पोट भरत होते इंग्रजांच्या मुलखात.

कायद्याने ते केवळ ‘प्रजाजन’ होते की ‘नागरिक’, हा पुढचा प्रश्न. वरवर हा शब्दच्छल वाटेल, परंतु पुढील सारा इतिहास या एका शब्दावर उभा आहे. इंग्रजांनी हिंदी माणसाला राजाचा प्रजाजन मानले. पोर्तुगालने १८२२ च्या राज्यघटनेपासून गोव्यात जन्मलेल्यांना, निदान कागदावर, नागरिक म्हटले. गोव्याचे प्रतिनिधी लिस्बनच्या संसदेत बसू लागले. हिंदूंना खऱ्या अर्थाने समान दर्जा मिळण्यासाठी १९१० ची राज्यक्रांती व्हावी लागली. पुढे सालाझारच्या काळात आफ्रिकेतील वसाहतींसाठी ‘इंदिजेना’ म्हणजे देशी माणसाचा एक वेगळा, हलका दर्जा होता. आंगोला आणि मोझांबिकमधील कोट्यवधी आफ्रिकन लोकांना १९६१ पर्यंत नागरिकांचे हक्क नव्हते. तो दर्जा गोव्याला कधी लागू झाला नाही. याचा अर्थ गोव्यात स्वातंत्र्य नांदत होते असा मुळीच नाही. सभा, वर्तमानपत्रे, भाषणे या सर्वांवर सेन्सॉरची कात्री होती आणि १९३० च्या ‘कलोनियल ऍक्ट’ने गोव्याच्या सुशिक्षितांचा जो अपमान केला त्याचा निषेध लुईस द मिनेझिस ब्रागांझ यांनी विधिमंडळात उभे राहून केला. सभा भरवण्याची मुभा नसलेला, पण नागरिक म्हणून नोंदलेला असा हा माणूस होता. त्या नोंदीला पुढे केवढे मोल येणार होते, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

भारत स्वतंत्र झाल्यावर गोव्याची सीमा प्रथमच खरोखरीची सीमा बनली. १९५४ साली दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली. त्या लढ्यात गायक-संगीतकार सुधीर फडके यांनीही भाग घेतला होता, हे मराठी वाचकांना स्मरत असेलच. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहींवर पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारताने पोर्तुगालशी संबंध तोडले. रेल्वे थांबली, सीमा बंद झाली आणि मुंबईतील गोवेकराला आईच्या आजारपणासाठी गावी जायचे तरी परवान्यासाठी खेटे घालावे लागू लागले. दोन सरकारांच्या भांडणात आपल्या माणसांची भेट हाच जणू गुन्हा ठरला.

याच सुमारास पोर्तुगालने एक चमत्कारिक दावा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. दमणहून दादरा-नगर हवेलीला जायचे तर मधला मुलूख भारताचा. तेथून जाण्याचा आम्हांला हक्क आहे, असे पोर्तुगालचे म्हणणे होते. मूळ आधार पेशव्यांचा. १७७९ च्या तहान्वये मराठ्यांनी पोर्तुगीजांना ज्या गावांचा महसूल तोडून दिला त्यांतून हा प्रश्न उद्भवला होता. न्यायपीठावर भारतातर्फे खास न्यायाधीश म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे माजी सरन्यायाधीश एम. सी. छागला बसले होते. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना त्या वाटेने जाण्याचा हक्क परंपरेने होता; सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना नव्हता; आणि भारताने १९५४ मध्ये जे केले ते या हक्काविरुद्ध नव्हते. निकाल भारताच्या बाजूचा म्हणून गाजला आणि ते योग्यच होते. मला मात्र त्यातील पहिला भाग अधिक मोलाचा वाटतो. सैनिकाची वाट आणि साध्या माणसाची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी लिहून ठेवले असेल.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. आता तेथील माणसे कोणत्या देशाची, हे ठरवायचे होते. २८ मार्च १९६२ रोजी केंद्र सरकारने गोवा, दमण आणि दीव यांच्यासाठी नागरिकत्वाचा आदेश काढला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या प्रदेशात जो जन्मला, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी अथवा आजी-आजोबांपैकी कोणी तेथे जन्मले, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक झाला असे मानण्यात आले. अर्ज नको, शपथ नको. ज्याला हे नको असेल त्याने मात्र एका महिन्याच्या आत तसे लिहून द्यावे, म्हणजे त्याचे पूर्वीचे राष्ट्रीयत्व कायम राहील. बहुसंख्य लोकांनी काहीच लिहून दिले नाही आणि ते भारतीय झाले. ज्या मोजक्या लोकांनी लिहून दिले त्यांत मोन्सिन्योर मोंतेरो होते.

लिहून दिल्यावर त्यांची नोंद परदेशी म्हणून झाली आणि १३ नोव्हेंबर १९६४ पर्यंतचा परवाना हातात पडला. मुदत संपली, त्यांनी वाढ मागितली नाही आणि देश सोडून जाण्याचा हुकूमही पाळला नाही. सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या वकिलांनी जिनिव्हा कराराचा आधार घेतला. गोवा हा व्यापलेला प्रदेश आहे आणि व्याप्त प्रदेशातील रहिवाशाला हाकलून देता येत नाही, असा तो युक्तिवाद होता. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने तो मान्य केला नाही. प्रदेश भारतात विलीन झाला तेव्हाच व्याप्ती संपली. त्यानंतर परदेशी नागरिकाला येथे राहण्याचा स्वतःचा असा हक्क उरत नाही, असा निकाल झाला.

कायद्याच्या दृष्टीने निकालात खोट काढणे कठीण आहे. गोवा भारताचाच होता आणि आहे. मोंतेरो यांची निवडही त्यांची स्वतःची होती. तरीही हा निकाल वाचून मन थोडे अस्वस्थ होते. इतक्या साऱ्यांना न मागता नागरिकत्व मिळाले आणि एका वृद्ध व्यवस्थेशी इमान राखणाऱ्या माणसाला जन्मभूमीतच परवाना लागला. या धर्मगुरूंची राजकीय मते मला पटत नाहीत. पण आपल्या सहीची किंमत मोजण्यास ते तयार होते, एवढे मान्य केले पाहिजे. पुढे ज्यांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतले त्यांपैकी अनेकांना आपल्या सहीची किंमत ठाऊकच नव्हती.

मोंतेरो यांचे प्रकरण न्यायालयांच्या पायऱ्या चढत होते त्याच काळात आफ्रिकेतील गोवेकरांवर निराळेच संकट ओढवले. केनिया १२ डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र झाला. तेथील आशियाई लोकांना केनियाचे नागरिकत्व घेण्यासाठी दोन वर्षे देण्यात आली. नैरोबीत जन्मलेली गोवेकरांची मुले जन्माने ब्रिटिश वसाहतीची नागरिक होती; अनेक गुजराती आणि पंजाबी कुटुंबांचेही तसेच. पुष्कळांनी ब्रिटिश पासपोर्टच जवळ ठेवला. या पासपोर्टावर ब्रिटनमध्ये व्हिसावाचून, परवान्यावाचून उतरता येत असे, कारण तो वसाहतीच्या सरकारने नव्हे तर लंडनच्या सरकारच्या नावाने दिलेला होता. १९६७ मध्ये केनियाने परकीयांना कामाचे परवाने सक्तीचे केले तेव्हा लोक विमानांत बसू लागले.

तेव्हा ब्रिटनने काय केले? फेब्रुवारी १९६८ च्या अखेरीस गृहमंत्री जेम्स कॅलॅहन यांनी एक विधेयक मांडले आणि आठवड्याभरात, १ मार्चला, त्याचा कायदा झाला. पासपोर्ट रद्द झाला नाही. त्याचे मुखपृष्ठ तेच, राजचिन्ह तेच, आतील अक्षरेही तीच. फक्त एवढेच ठरले, की ज्याचा स्वतःचा, आईवडिलांचा वा आजी-आजोबांचा जन्म ब्रिटनमध्ये झालेला नाही, किंवा ज्याने तेथे नागरिकत्व घेतलेले नाही, त्याला या पासपोर्टावर मोकळा प्रवेश नाही. गोऱ्या वसाहतवाल्यांचे आजोबा अर्थातच ब्रिटनमध्ये जन्मलेले असत. दरवर्षी १५०० कुटुंबप्रमुखांना प्रवेश मिळेल अशी चिठ्ठ्यांची योजना निघाली आणि उरलेले लोक एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळावर चेंडूसारखे टोलवले जाऊ लागले. युरोपीय मानवाधिकार आयोगाने १९७३ मध्ये या कायद्याची चिकित्सा केली. वर्णावरून केलेला हा भेद माणसाला हीन लेखणारी वागणूक ठरतो, असे आयोगाने म्हटले. मधल्या काळात, ऑगस्ट १९७२ मध्ये, युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्यास फर्मावले होते. तेव्हा ब्रिटनला सुमारे २७ हजार लोकांना आत घ्यावेच लागले. कॅनडानेही हजारोंना आसरा दिला. टोरांटोच्या चर्चमध्ये आज कोंकणी गाणी ऐकू येतात त्यामागे हा इतिहास आहे.

ब्रिटनने पुढे १९८१ च्या कायद्याने नागरिकत्वाचेच तुकडे केले. खरा ब्रिटिश नागरिक, परतंत्र प्रदेशाचा नागरिक, ‘ओव्हरसीज’ नागरिक, संरक्षित व्यक्ती अशा पायऱ्या झाल्या आणि खालच्या पायऱ्यांवरच्या लोकांजवळ ब्रिटिश पासपोर्ट असूनही ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क नव्हता. ज्यांना दुसरे कोणतेच नागरिकत्व नाही अशा ‘ओव्हरसीज’ नागरिकांना पूर्ण हक्काची वाट २००२ च्या कायद्याने मिळाली. तोपर्यंत कित्येकांचे आयुष्य सरले होते.

पोर्तुगालने मात्र उलट दिशेने पाऊल टाकले, आणि तेही जाणूनबुजून टाकले असे म्हणवत नाही. १९६१ नंतर सालाझारच्या सरकारने गोव्याचे विलीनीकरण मान्यच केले नाही. त्यामुळे लिस्बनच्या कायद्यात गोव्याची माणसे पोर्तुगीजच राहिली. २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये क्रांती झाली, हुकूमशाही संपली आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत करार झाला. पोर्तुगालतर्फे मारियु सोआरिश यांनी सही केली. भारतातर्फे सही केली ती परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी. या कराराने पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. भूमीचा प्रश्न मिटला.

माणसांचा मात्र उरला. १९७५ मध्ये आफ्रिकेतील वसाहती स्वतंत्र होत असताना लिस्बनने एक हुकूमनामा काढला. ज्या वसाहती स्वतंत्र देश बनत होत्या तेथील बहुतेक लोकांचे पोर्तुगीज नागरिकत्व त्याने काढून घेतले. गोवा स्वतंत्र देश बनला नव्हता, तो भारतात विलीन झाला होता. म्हणून तो या हुकूमनाम्याच्या शब्दांत बसला नाही. परिणाम असा, की १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा, दमण आणि दीव येथे जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या दृष्टीने जन्माने पोर्तुगीजच मानला जात राहिला. १९८१ च्या राष्ट्रीयत्व कायद्याने पोर्तुगीज माणसाच्या परदेशात जन्मलेल्या अपत्यांनाही नोंदणीचा हक्क दिला. आधी आजोबांचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत नोंदवायचा, मग त्यांचे लग्न, मग वडिलांचा जन्म, मग वडिलांचे लग्न आणि शेवटी स्वतःचा जन्म, अशी ही साखळी असते. एक दुवा निखळला तर सारे अडते.

पण १९८१ मध्ये या हक्कासाठी कोणी फारसे धावले नाही. पोर्तुगाल गरीब होता. स्वतः पोर्तुगीजच कामासाठी फ्रान्सला जात होते. वर्ष फिरले ते १९८६ साली. १ जानेवारी १९८६ रोजी पोर्तुगाल युरोपीय समुदायात दाखल झाला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात ब्रिटनने भारतीय पासपोर्टधारकांना, अगदी चार दिवस पाहुणे म्हणून जाणाऱ्यांनाही, व्हिसा सक्तीचा केला. १९६२ पूर्वी भारतीय माणूस राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये सहज उतरत असे. चोवीस वर्षांत ते दार पायरीपायरीने मिटत गेले. एका वर्षात एका कागदाचे दार बंद झाले आणि दुसऱ्याचे किलकिले झाले. १९९२ पासून पोर्तुगीज कामगाराला समुदायातील कोणत्याही देशात मुक्तपणे काम करण्याचा हक्क मिळाला आणि मार्च १९९५ पासून शेंगेन करारामुळे लिस्बन ते बर्लिन हा प्रवास सीमेवर पासपोर्ट न दाखवता होऊ लागला. १९९९ मध्ये अमेरिकेनेही पोर्तुगीजांना अल्पकाळाच्या भेटीसाठी व्हिसा माफ केला. विमानतळावरचा अधिकारी राष्ट्रीयत्वाचा रकाना पाहतो. जन्मस्थानाच्या रकान्यात गोव्याचे नाव असले तरी त्याला त्याचे सोयरसुतक नसते.

मग गोव्यात धावपळ सुरू झाली. जुन्या दप्तरांची धूळ झटकली गेली. १९१० च्या प्रजासत्ताकानंतर जन्मनोंदणी सरकारी झाली होती. त्याआधीचा शोध घ्यायचा तर चर्चची बाप्तिस्म्याची वही हाच आधार. आपल्या धर्मग्रामातील जीर्ण वह्यांकडे एरवी कोण पाहतो? त्यांतील शाई उडालेल्या एका ओळीवर नातवाच्या नोकरीचे भवितव्य अवलंबून असते, असे वाडवडिलांना कोणी सांगितले असते तर ते हसले असते. पोर्तुगीज नोंदीत ‘कायतान’, इंग्रजी शाळेच्या दाखल्यात ‘सी. फर्नांडिस’ आणि घरात ‘कायतू’ अशी एकाच माणसाची तीन नावे जुळवून दाखवता दाखवता कुटुंबे थकत. दलालांचे पीक आले. आणि हा केवळ ख्रिस्ती लोकांचा मामला आहे, हा समज साफ चुकीचा आहे. दीव आणि दमणच्या असंख्य हिंदू-मुसलमान गुजराती कुटुंबांनी हाच मार्ग धरला. इंग्लंडमधील लेस्टर शहरात त्यांची मोठी वस्ती आहे. गोवेकरांची स्विंडन येथे आणि लंडनच्या पश्चिम उपनगरांत आहे. पोर्तुगालचा पासपोर्ट घेऊन पोर्तुगालला कोणी फारसे गेलेच नाही, ही यातील गमतीची बाजू.

गमतीखेरीज दुसरी बाजूही आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम सांगते, की जो स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतो तो भारताचा नागरिक राहत नाही. त्यासाठी वेगळा हुकूम लागत नाही. या कायद्याखालच्या नियमांनुसार परदेशी पासपोर्ट मिळवणे हा त्या स्वेच्छेचा निर्णायक पुरावा मानला जातो आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो नियम उचलून धरला. लोक पासपोर्टाकडे प्रवासाचे साधन म्हणून पाहतात. कायदा त्याच्याकडे निष्ठेचा जबाब म्हणून पाहतो. ‘फक्त लिस्बनला जन्म नोंदवला आहे, पासपोर्ट घेतलेला नाही’ असे म्हणणाऱ्यांचे नागरिकत्व राहिले की गेले, हा वाद गोव्यात अनेक वर्षे गाजला. शेतजमीन, मतदान, सरकारी नोकरी, निवडणुकीची उमेदवारी, सगळे त्यावर लटकलेले. मोंतेरो यांना १९६२ मध्ये निदान एक महिना विचार करण्यास मिळाला होता आणि प्रश्न स्वच्छ शब्दांत विचारला गेला होता. यांना कोणी प्रश्नच विचारला नाही. दलालाने फॉर्म पुढे केला आणि यांनी सही केली. माझ्या मते या प्रकरणातला खरा अन्याय हाच आहे.

‘ओसीआय’ कार्डाची सोय २००५ पासून झाली आहे. नावात नागरिकत्व असले तरी हे मुळात आयुष्यभराच्या व्हिसासारखे आहे. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली राखता येते. पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान आंतोनियु कोस्ता यांचे पितृघराणे गोव्याचे. त्यांना जानेवारी २०१७ मध्ये बंगळुरूच्या समारंभात हे कार्ड देण्यात आले तेव्हा गोव्याला आनंद झाला आणि तो स्वाभाविक होता.

त्याच सुमारास ब्रिटनची दिशा पुन्हा बदलली होती. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला आणि ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री मुक्त प्रवेश संपला. त्याआधी पोहोचलेल्यांनी अर्ज करून राहण्याचा हक्क टिकवला. नंतर जाणारा पोर्तुगीज गोवेकर ब्रिटनमध्ये आजही व्हिसावाचून पाहुणा म्हणून उतरू शकतो, पण एप्रिल २०२५ पासून त्यालाही आधी इलेक्ट्रॉनिक परवानगी काढावी लागते; आणि काम करायचे तर भारतीय माणसाप्रमाणेच व्हिसा लागतो. ज्या दारासाठी भारतीय नागरिकत्व सोडले ते दार पासपोर्ट हातात असतानाच मिटले. १९६८ च्या नैरोबीकरांना हे नवे वाटले नसते.

वसईकडचे लोक कधी कधी विचारतात, ‘आम्हीही दोनशे वर्षे पोर्तुगीजांच्या राज्यात होतो, चर्चही त्यांनीच बांधली, मग आम्हांला का नाही?’ प्रश्न थट्टेत विचारला जातो, पण त्याला उत्तर आहे. वसईच्या किल्ल्यावरील पोर्तुगीज निशाण मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेपुढे उतरले. तेव्हा राजाची प्रजा होती. घटनेने दिलेले नागरिकत्व ८३ वर्षे दूर होते. पुढे मराठे आले, मग इंग्रज आले आणि मुंबई-साष्टीच्या ख्रिस्ती लोकांनी १८८७ मध्ये स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेतले ते नेमके याचसाठी, की नोकरीच्या बाजारात आपण इंग्रजांचे प्रजाजन आहोत, गोव्याहून आलेले परके नव्हे, हे दिसावे. तेव्हा पोर्तुगीज प्रजाजन असणे हे ओझे होते. नाव बदलण्याइतके ओझे.

डिसेंबरात संत फ्रान्सिस झेवियरच्या सणासाठी परदेशांतून गोवेकर घरी येतात. विमानतळावर दोन रांगा असतात. एका रांगेत भारतीय पासपोर्ट, दुसरीत परदेशी. गेल्या वर्षी माझ्या पुढे एक वयस्क बाई उभ्या होत्या. त्यांचा मुलगा दुसऱ्या रांगेत. तो लंडनहून आला होता, हातात तांबूस रंगाचा पासपोर्ट आणि निळे कार्ड. बाई त्याला भेटायला गेल्या होत्या आणि त्याच विमानाने त्याच्यासोबत परतत होत्या. आमची रांग भराभर सरकली. पलीकडे अधिकाऱ्याने मुलाला विचारले, ‘उतरणार कोठे?’ त्याने गावाचे नाव सांगितले, वाड्याचे सांगितले आणि मग घराच्या पत्त्याच्या रकान्यात आईचे नाव लिहिले. बाई खांबाला टेकून त्याची वाट पाहत उभ्या राहिल्या.